निवाऱ्यातल्या कुत्र्यांचे विषाणूसंसर्ग: पिंजऱ्यातून पिंजऱ्यात जाणारी साथ कशी रोखायची

निवाऱ्यात पार्वो (पिल्लांना उलट्या-जुलाबांनी खंगवणारा विषाणू) निघाला की सगळ्यांच्या नजरा शेवटी आलेल्या पिल्लाकडे वळतात. विषाणू त्याच्याबरोबर आत आला असेलही. पण ते पिल्लू पिंजऱ्याबाहेर पडलेलंच नसतं. रांगेच्या दुसऱ्या टोकाला विषाणू पोचतो तो कुणाच्या तरी हातमोज्यांवरून, बुटांच्या तळव्यांवरून, नाहीतर सगळीकडे फिरणाऱ्या एकाच फडक्यातून. बाधित कुत्रं दाराशी येणं आपल्या हातात नाही. आतला प्रवास मात्र आपल्या हातात आहे, आणि पुढचं सगळं त्याबद्दल आहे. उपचारांचे डोस इथे दिलेले नाहीत, ते तुमच्या पशुवैद्याकडून घ्यायचे. निवारा चालवणाऱ्यांनी आणि तिथे राबणाऱ्या स्वयंसेवकांनी रोजच्या कामाची घडी कशी बसवायची, ते इथे सांगितलं आहे.

कोणकोण येतं आणि किती टिकतं

विषाणूंचे दोन गट डोक्यात पक्के करा. काहींवर मेदाचं आवरण असतं, काहींवर नसतं. आवरणवाले प्रत्यक्षात नाजूक असतात. साबण, ऊन आणि कोरडेपणा यांनी ते लवकर मरतात. डिस्टेंपर, इन्फ्लुएंझा, पॅराइन्फ्लुएंझा, श्वसनाचा कोरोना आणि रेबीज हे सगळे या गटातले. बिनआवरणाचे चिवट असतात, आणि त्यांत पार्वोचा हात धरणारा कोणी नाही. फटीत, मातीत, वाळलेल्या विष्ठेच्या कणात तो महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहूनही जास्त टिकतो. तुमची फिनेलची बाटली किंवा अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याचं काही वाकडं करू शकत नाही.

पार्वो १९७८ च्या सुमारास जगभर एकदम पसरला, कारण तोवर कोणत्याच कुत्र्याच्या शरीराला त्याची ओळख नव्हती. संसर्ग झाल्यापासून बहुधा ३ ते ७ दिवसांत, क्वचित १४ दिवसांपर्यंत लक्षणं दिसतात. खरी अडचण अशी की लक्षणांच्या आधीच विष्ठेतून विषाणू बाहेर पडू लागतो. म्हणजे काल अंगणात खेळलेलं पिल्लू आज आजारी पडलं, तर अंगण कालच बाधित झालं. सगळेजण रक्ताच्या जुलाबाची वाट बघत बसतात, पण पहिली खूण बरीच साधी असते. एरवी वाटीवर तुटून पडणारं पिल्लू वाटीकडे बघतं आणि तोंड फिरवून कोपऱ्यात पाठ वाकवून बसतं. मग उलटी होते, आणि जुलाब त्यानंतर. काही पिल्लं तर जुलाब सुरू व्हायच्या आतच जातात.

डिस्टेंपर हा माणसांच्या गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. तो हवेतून, शिंकेच्या तुषारांतून पसरतो. सुरुवात अगदी सर्दीसारखी असते: डोळ्यांत चिपडं, नाकातून घट्ट पिवळसर स्राव, ताप, खोकला, जोडीला कधी जुलाब. नाकाचा शेंडा आणि पावलांच्या गाद्या कडक होणं ही नंतरची खूण. शेवटी मेंदूवर परिणाम होतो. झोपेतही एखादा पाय किंवा जबडा ठरावीक लयीत उडत राहतो, झटके येतात. लक्षणं दिसायला एक आठवड्यापासून सहा आठवड्यांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. शिवाय बरं झालेलं कुत्रंही कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिने विषाणू सोडत राहतं. पार्वोची साथ दोन-तीन आठवड्यांत आटोक्यात येऊ शकते, डिस्टेंपरची लांबते.

केनेल कफ, म्हणजे एकत्र ठेवलेल्या कुत्र्यांत पसरणारा खोकला, हा एक रोग नव्हे, ती टोळी आहे. पॅराइन्फ्लुएंझा, ॲडिनोव्हायरस प्रकार २, श्वसनाचा कोरोना, न्यूमोव्हायरस आणि त्यांच्या जोडीला बोर्डेटेला, मायकोप्लाझ्मा हे जिवाणू. बहुतेक धडधाकट कुत्री एक-दोन आठवड्यांत बरी होतात. कुत्र्यांचा इन्फ्लुएंझा याच टोळीत, पण तो वेगळा मोजावा. त्याचा एच३एन८ हा प्रकार घोड्यांकडून आला आणि २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत सापडला. एच३एन२ ने २०१५ मध्ये शिकागोत मोठी साथ आणली. या दुसऱ्या प्रकारात कुत्रं तीन आठवड्यांहूनही जास्त काळ विषाणू सोडत राहू शकतं, आणि तो मांजरांनाही लागतो. फ्लू आला की ओळखता येतो, कारण दोन-चार दिवसांत अख्खी रांग खोकायला लागते, चांगली लसवंत मोठी कुत्रीसुद्धा.

रेबीज निवाऱ्यात साथीसारखा पसरत नाही. पण मेंदूची लक्षणं असलेलं, लसीची नोंद नसलेलं कुत्रं म्हणजे डिस्टेंपरच, असं गृहीत धरून त्याच्या तोंडात हात घालणारी माणसं आजही आहेत. तसं करू नका. अशा कुत्र्याला एकट्या जाळीबंद जागेत ठेवा. त्याच्याजवळ फक्त रेबीजची प्रतिबंधक लस घेतलेला, प्रशिक्षित माणूस जाईल, आणि पशुवैद्याला लगेच कळवा. कुणाला चावलं किंवा लाळ जखमेला लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. कुत्र्यांना हात लावणाऱ्या प्रत्येक माणसाने ही लस आधीच घेतलेली असावी, यावर वाद नको.

पायरी १: दाराशीच लस

साथ रोखण्याच्या सगळ्या उपायांत एकच निवडायचा असेल तर मी हा निवडेन: कुत्रं आत आल्याबरोबर, पिंजऱ्यात जायच्या आधी लस. उद्या डॉक्टर आल्यावर नाही, नोंदणीचे कागद पूर्ण झाल्यावरही नाही. डिस्टेंपर, पार्वो, ॲडिनो आणि पॅराइन्फ्लुएंझा यांची एकत्रित, जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंची लस हवी. मृत विषाणूंची लस निवाऱ्यात फारशी कामाची नाही, तिला उशीर लागतो. जिवंत लसीने डिस्टेंपरविरुद्ध संरक्षण फार लवकर सुरू होतं, पार्वोविरुद्ध साधारण ३ ते ५ दिवसांत. विषाणू आधी पोचला की लस आधी पोचली, एवढ्यावरच एखाद्या पिल्लाचा जीव ठरतो.

मोठ्या कुत्र्याला दाराशी एक आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. पिल्लांना वयाच्या चौथ्या आठवड्यापासून सुरुवात करून दर दोन-तीन आठवड्यांनी, २० आठवड्यांचं होईपर्यंत. इतक्या वेळा का? आईच्या दुधातून आलेली प्रतिद्रव्यं पिल्लाचं रक्षण करतात, तशीच ती लसही निष्प्रभ करतात. ती नेमकी कधी संपतील हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळं असतं, म्हणून पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. ‘एक इंजेक्शन झालंय’ म्हणून पिल्लू सुरक्षित धरणारा निवारा पार्वोला आमंत्रणच देतो.

कुत्रं किरकोळ आजारी आहे, जखमी आहे, गाभण आहे म्हणून लस पुढे ढकलायची का? घरच्या कुत्र्याच्या बाबतीत डॉक्टर थांबायला सांगतील. निवाऱ्यात मात्र धोका इतका जवळ असतो की बहुतेक वेळा थांबू नये. अंतिम शब्द पशुवैद्याचा, पण धोरण आधीच लिहून ठेवा, म्हणजे दाराशी चर्चा होणार नाही.

लसीच्या कुपीचीही काळजी घ्या. साठवण २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रिजच्या दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नाही. गोठलेली लस वाया गेली समजा. पावडर द्रवात मिसळली की तासाभरात टोचून संपवा. सकाळी दहा सिरिंज भरून ठेवायच्या आणि दिवसभर वापरायच्या, ही सवय दिसली तर तिथल्या तिथे मोडा. नाकात घालायची बोर्डेटेला-पॅराइन्फ्लुएंझाची लसही दाराशीच द्या. ती इंजेक्शनने देऊ नका, त्वचेखाली गेली तर गंभीर इजा होते.

पायरी २: जागेचं गणित

रोज सरासरी किती कुत्री येतात, त्याला एक कुत्रं सरासरी किती दिवस राहतं त्याने गुणा. रोज ३ कुत्री येत असतील आणि प्रत्येक जण २० दिवस राहत असेल, तर तुम्हाला कायम ६० जागा लागतात. मुक्काम १५ दिवसांवर आणला तर ४५. एकही नवा पिंजरा न बांधता गर्दी चतुर्थांशाने उतरली. म्हणून दत्तकाचे अर्ज लवकर तपासणं, नसबंदीची तारीख आधीच घेऊन ठेवणं, पिल्लं फोस्टर घरी (तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडे) पाठवणं ही रोगनियंत्रणाचीच कामं आहेत. मुक्काम लांबला की ताण वाढतो आणि संसर्गाची संधीही.

याच कारणासाठी नव्या प्रत्येक निरोगी कुत्र्याला सरसकट दोन आठवडे क्वारंटाइनमध्ये डांबणं मला पटत नाही. ऐकायला काळजीचं वाटतं, पण मुक्काम लांबतो, गर्दी वाढते, आणि त्याच दोन आठवड्यांत खोकला लागतो. क्वारंटाइन ठेवावं ते संपर्कात आल्याची शंका असलेल्यांसाठी.

पिल्लांचा विभाग येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवा. वेगवेगळ्या दिवशी आलेली पिल्लं एकत्र टाकू नका, एका वेताची पिल्लं एकत्र राहू द्या. शक्य तिथे मधल्या दरवाजाचे दोन भागांचे पिंजरे वापरा. कुत्रं एका भागात सरकवून दुसरा धुता येतो, आणि रोज त्याला हाताळावं लागत नाही. भुंकताना, शिंकताना उडालेले तुषार सहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. त्यामुळे समोरासमोर तोंडं असलेल्या पिंजऱ्यांमधली चिंचोळी वाट श्वसनाच्या रोगांसाठी फार सोयीची. निदान मधे पत्रा किंवा पडदा लावा आणि हवा खेळती ठेवा.

पायरी ३: धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन कामं आहेत

आधी कुत्रं बाजूला काढा. घाण कोरडी उचला. डिटर्जंटने घासून धुवा, खळबळून काढा, साचलेलं पाणी ओढून घ्या. एवढं झाल्यावर जंतुनाशक. विष्ठेवरच ब्लीच ओतणं म्हणजे ब्लीच वाया घालवणं, कारण सेंद्रिय घाण ते निकामी करते. शिवाय मूत्रातल्या अमोनियाशी ब्लीचचा संयोग झाला की घसा आणि डोळे जाळणारा वायू निघतो. ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लिनर त्यात मिसळू नका.

प्रमाण असं: ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं साधं ब्लीच असेल तर एक लिटर पाण्यात ३० मिलिलिटर. बाटलीवर १० टक्के लिहिलेलं असेल तर साधारण १५ ते १७ मिलिलिटर. बाटली वाचा, अंदाजाने धार सोडू नका. जास्त तीव्र केल्याने विषाणू जास्त मरत नाहीत, कुत्र्यांची श्वासनलिका मात्र चुरचुरते आणि केनेल कफला वाव मिळतो. द्रावण रोज सकाळी नवं करा, झाकून आणि उन्हाबाहेर ठेवा. पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. पहिले काही दिवस घड्याळ लावून बघा. उकाड्यात चार मिनिटांतच फरशी वाळलेली दिसेल आणि पुन्हा फवारावं लागेल. मग धुवा, कोरडं करा, आणि त्यानंतरच कुत्रं आत.

ब्लीच नको असेल तर पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेट किंवा ॲक्सिलरेटेड हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. दुसरं घाणीतही बऱ्यापैकी टिकतं. चतुष्क अमोनियमची जंतुनाशकं मात्र लेबलावर काहीही लिहिलं असलं तरी पार्वोसाठी भरवशाची नाहीत.

जोरदार दाबाचा पाइप विष्ठेचे कण हवेत उडवतो, तो टाळा. दाराशी ठेवलेलं पाय बुडवायचं तसराळंही फसवं. दुपारपर्यंत त्यात चिखल असतो आणि दहा मिनिटं कोणी त्यात उभं राहत नाही. त्यापेक्षा आजारी विभागासाठी वेगळे गमबूट ठेवा. बादली, मॉप, खराटा, विष्ठा उचलायचं सुपडं, वाट्या यांना विभागवार रंग द्या आणि रंग बदलू देऊ नका. त्याच निवाऱ्यात मांजरं असतील तर त्यांची साधनं पूर्ण वेगळी, कारण आजचे पार्वोचे प्रकार मांजरांनाही होऊ शकतात.

आणि ज्याच्या पिंजऱ्यात कुठल्या संसर्गाचा संशय नाही, त्याचा पिंजरा रोज पाण्याने भिजवून काढायची गरज नाही. त्याचाच वास, त्याचंच अंथरूण राहू द्या, घाण झालेली जागा तेवढी पुसा. ओला, भेदरलेला कुत्रा आजाराला जास्त बळी पडतो.

कामाचा क्रम: निरोगी पिल्लं आधी, मग निरोगी मोठी कुत्री, मग निरीक्षणाखालची, शेवटी आजारी. आजारी विभागातून परत पिल्लांकडे जायचं नाही, ‘एक वाटी द्यायची राहिली’ म्हणूनही नाही. माणसं पुरेशी असतील तर आजारी विभागाला एकच माणूस नेमा.

भेट द्यायला येणाऱ्यांकडे जरा लक्ष द्या. माणूस रांगेतून चालतो आणि प्रत्येक जाळीत बोट घालतो. पहिलं नाक चाटतं, दुसरं, तिसरं, आणि ओळ संपेपर्यंत त्या एका बोटावर सगळ्यांची लाळ. पाटी लावून हे थांबत नाही, सोबत माणूस द्यावा लागतो.

पायरी ४: सकाळची फेरी

साफसफाईच्या आधी, वाट्या आणि विष्ठा जागेवर असतानाच फेरी मारा. धुतल्यावर पुरावा गटारात गेलेला असतो. काय खाल्लं नाही, कुठे उलटी आहे, कुणाच्या नाकाखाली सुकलेली पापडी आहे, कोण उठून दाराशी आलं नाही, हे पिंजऱ्यावरच्या कागदावर लिहा. ‘ठीक’ असा शेरा कामाचा नाही. ‘निम्मं खाल्लं, शी पातळ, एकदा खोकला’ हा कामाचा. खोकणाऱ्या कुत्र्यांची संख्या रोज एका फळ्यावर मांडली की साथ उठतेय हे दोन दिवस आधी कळतं.

पायरी ५: एक आजारी निघाला

संशय आला की हलवा, रिपोर्टची वाट बघू नका. दोन शब्दांची गल्लत टाळा. आयसोलेशन आजाऱ्यांसाठी, क्वारंटाइन संपर्कात आलेल्या पण अजून ठणठणीत असलेल्यांसाठी. दोघांना एका खोलीत कोंडलं तर ठणठणीतही आजारी पडणार.

पार्वोसाठी विष्ठेची झटपट चाचणी दहा मिनिटांत उत्तर देते. पॉझिटिव्ह आली आणि लक्षणं असली तर खरीच माना. ‘परवा लस दिली होती, त्यामुळे आली असेल’ असं म्हणून सोडू नका. लसीमुळे क्वचित फिकी रेघ येते, पण उलट्या करणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत हा युक्तिवाद महागात पडतो. निगेटिव्ह आली आणि पिल्लू खंगत असलं, तर आयसोलेशनमध्येच ठेवून पुन्हा करा. डिस्टेंपरची पीसीआर चाचणी याउलट आहे. लसीनंतर काही आठवडे ती पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून प्रयोगशाळेकडून विषाणूचं प्रमाण मागवा आणि लक्षणांशी ताडून बघा.

पार्वो म्हणजे मृत्यू, हे खरं नाही. सलाइन, उलटी थांबवणारं औषध, गरजेनुसार प्रतिजैविकं आणि लवकर सुरू केलेलं थोडंथोडं खाणं, एवढ्यावर बहुतेक पिल्लं वाचतात. उपचाराविना बहुतेक दगावतात. पोटाला विश्रांती म्हणून दोन-तीन दिवस उपाशी ठेवायची जुनी पद्धत आता सोडून दिलेली आहे. पण निवाऱ्याने स्वतःला विचारावं: वेगळी खोली आणि वेगळा माणूस आहे का? नसेल तर पिल्लू दवाखान्यात हलवा. कोपऱ्यातल्या टेबलावर सलाइन लावून बाकीच्या पिल्लांना धोक्यात घालणं ही दया नव्हे.

पायरी ६: साथ पसरली तर

पहिल्या दिवशी यादी करा. आजारी कुत्र्याच्या लक्षणांआधीच्या दिवसांत ते कुठे होतं, शेजारी कोण, त्याच्या पिंजऱ्यात नंतर कोणाला ठेवलं. संपर्कातल्यांची हालचाल थांबवा. नव्यांसाठी पूर्ण वेगळी जागा, वेगळी माणसं. तसं जमत नसेल तर काही दिवस प्रवेश बंद. धोक्यातल्यांमध्ये रोज नवी कुत्री मिसळत राहिली तर साथ संपतच नाही.

मग जोखमीप्रमाणे कुत्र्यांचे गट करा. निवाऱ्यातच वापरता येणारे प्रतिद्रव्यांच्या चाचणीचे किट इथे पैसे वसूल करतात. वीस आठवड्यांवरचं, लक्षणं नसलेलं कुत्रं पार्वो आणि डिस्टेंपर दोन्हींसाठी पॉझिटिव्ह आलं, म्हणजे दोन्हींविरुद्धची प्रतिद्रव्यं त्याच्यात सापडली, तर त्याला धोका फार कमी, त्याला घरी जाऊ द्या. पिल्लांना हा निकष लावू नका, त्यांची प्रतिद्रव्यं आईकडून उसनी आलेली असू शकतात. उरलेल्यांचं क्वारंटाइन पार्वोसाठी १४ दिवस, डिस्टेंपरसाठी निदान चार ते सहा आठवडे. मधे नवा रुग्ण निघाला तर त्या गटाचे दिवस पुन्हा शून्यापासून. एच३एन२ फ्लूच्या आजारी कुत्र्याला लक्षणं सुरू झाल्यापासून २८ दिवस वेगळं ठेवा.

साथ आली की सगळी कुत्री मारून निवारा रिकामा करा, असा सल्ला देणारा कोणी तरी भेटतोच. दाराशी लस झालेल्या निवाऱ्यात बहुतेक मोठी कुत्री आधीच सुरक्षित असतात, ती कोणती हे चाचणीने कळतं. लोकांनाही कळवा. दत्तक घेऊन गेलेल्यांना पहिला फोन तुमचा जावा.

पायरी ७: दत्तक देताना

पार्वोतून उठलेलं पिल्लू किमान दोन आठवड्यांनी, अंघोळ घालून सोडा. विषाणू अंगावरच्या केसांतही असतो. डिस्टेंपरमधून उठलेल्याबद्दल स्पष्ट सांगा की झटके काही आठवड्यांनी, महिन्यांनीही सुरू होऊ शकतात. लसींच्या तारखा आणि पुढच्या डोसची तारीख कागदावर द्या, तोंडी नको. पहिल्या दोन आठवड्यांत खोकला, जेवण सोडणं, उलटी दिसली तर कुणाला फोन करायचा तेही त्याच कागदावर.

अर्जदाराला एक प्रश्न न चुकता विचारा: गेल्या वर्षभरात घरात पार्वोने एखादं कुत्रं गेलंय का? हो म्हणाले तर नकार देऊ नका. त्यांना लसीकरण पूर्ण झालेलं मोठं कुत्रं सुचवा. पिल्लूच हवं असेल तर त्याचे सगळे डोस संपेपर्यंत थांबवा. फरशी आणि वाट्या ब्लीचने साफ होतील. गादी, अंथरूण, चघळायची खेळणी टाकून द्यावी लागतील. मातीचं अंगण मात्र कशानेच निर्जंतुक होत नाही. गवत कापून तिथे ऊन पोचू द्यायचं, पाणी साचू द्यायचं नाही, आणि अर्धवट लसीकरण झालेलं पिल्लू वर्षभर तरी त्या बाजूला सोडायचं नाही.